इंजिन हलतं, तार तुटते

वीज गेली की सोसायटीच्या आवारातला डिझेल जनरेटर धडधडू लागतो. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला ५० स्फोट होतात, तासाला १ लाख ८० हजार. प्रत्येक स्फोटाचा हिसका इंजिनावरच्या तारांनाही बसतो.

तांब्याची तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिलं की ती तुटते. इंजिनावर हेच घडतं, फक्त तिथलं वाकणं डोळ्यांना दिसत नाही. धातूच्या या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर केला. ठरावीक मर्यादेखालचा ताण पोलाद जवळजवळ कितीही वेळा सोसतं. तांब्याला अशी स्पष्ट मर्यादा नाही.

तार जिथे सर्वांत जास्त हलते तिथे ती सहसा तुटत नाही. हलणं जिथे एकदम अडतं तिथे, म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेल्या लगच्या किंवा क्लॅम्पच्या तोंडाशी तुटते. म्हणूनच इंजिनावर डाग देऊन केलेल्या जोडापेक्षा नीट दाबलेलं क्रिम्पिंग भरवशाचं. डाग देताना वितळलेलं कथील तारेच्या पदरांत शिरतं, तेवढा भाग ताठ होतो आणि त्याच्या कडेलाच तार जाते.

कनेक्टरचा बिघाड अधिक फसवा. त्यातल्या कथिलाचा मुलामा दिलेल्या पिना एकमेकींवर सूक्ष्म घासतात, मुलाम्याची भुकटी होते, तिचं ऑक्साइड बनतं आणि वीज अडते. मेस्त्री कनेक्टर काढून पुन्हा बसवतो, तेवढ्याने पिना घासून साफ होतात आणि इंजिन सुरू होतं. दोष मात्र तसाच राहतो.

उपाय साधा आहे. इंजिनावरची तार इंजिनालाच रबरी अस्तराच्या क्लॅम्पने जागोजागी बांधावी, म्हणजे दोन्ही एकत्र हलतील. इंजिनावरून चासीकडे जाताना मात्र तिला सैल वळण द्यावं. रबर माउंटिंगवरच्या इंजिनाला चासीशी जोडणारी अर्थिंगची विणलेली पट्टी विशेष तपासावी. ती तुटली, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअर प्रवाह कंट्रोल केबलसारख्या भलत्याच वाटेने जाऊन ती तापवू शकतो.

पुढच्या सर्व्हिसिंगला तेल आणि फिल्टर बदलून थांबू नका. इंजिन बंद करून, बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवून, प्रत्येक लग आणि क्लॅम्प मेस्त्रीकडून तपासून घ्या.