प्रोसेसरवरील अतिरिक्त भार : निदान आणि उपाय

एकही प्रोग्राम उघडलेला नसताना संगणकाचा प्रोसेसर सतत ९० टक्क्यांहून अधिक व्यस्त राहिल्यास पडद्यामागे एखादी प्रक्रिया चालू आहे, असे समजावे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो व प्रत्येक प्रक्रियेचा वाटा दिसतो.

प्रणालीचे अद्ययावतीकरण, व्हायरस-तपासणी व फाइलींची सूची करणे ही कामे प्रोसेसर काही काळच व्यापतात. ती पूर्ण होऊ द्यावीत. ‘सर्व्हिस होस्ट’ या एकाच नावाखाली अनेक सेवा चालतात. म्हणून ती सरसकट बंद न करता तिच्यातील दोषी सेवा शोधून तेवढीच पुन्हा सुरू करणे योग्य ठरते. मात्र याच नावाची फाइल विंडोजच्या फोल्डरबाहेर आढळल्यास ती संशयास्पद मानावी. आभासी चलन मिळवण्यासाठी दुसऱ्याचा प्रोसेसर चोरून वापरण्याचे प्रकार २०१७ मध्ये झपाट्याने वाढले. त्यात वीज व यंत्र दोन्ही झिजतात. अशा घातक प्रोग्रामच्या निर्मूलनासाठी ‘सर्ट-इन’ने २०१७ मध्ये सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्र विनामूल्य साधने पुरवते.

प्रक्रिया थांबवल्याने लक्षण तात्पुरते दडते. कारण दूर झाल्याशिवाय दोष जात नाही.