पित्तावर ढकललेली अर्धशिशी

डोक्याची एक बाजू ठणकायला लागली, उजेड सोसवेना, मळमळू लागलं की आपल्याकडे निदान घरच्या घरी होतं: पित्त उठलं. मग आलं-लिंबू, कोकम सरबत आणि शेवटी घशात बोटं घालून उलटी. उलटीनंतर काहींना उतार पडतो, त्यामुळे समज आणखी पक्का होतो. पण मळमळ हे अर्धशिशीचंच लक्षण आहे, तिचं कारण नव्हे. अर्धशिशीच्या झटक्यात जठराची हालचालही मंदावते. उशिरा घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही ती त्यामुळेही.

मूळ शोधायचं तर ट्रायजेमिनल नसेकडे जावं लागतं. चेहऱ्याची आणि मेंदूच्या आवरणांची संवेदना ती वाहून नेते. झटका येतो तेव्हा तिच्या तंतूंतून सीजीआरपी नावाचं पेप्टाइड, म्हणजे ३७ अमिनो आम्लांची चिमुकली साखळी, सुटतं. रक्तवाहिन्या रुंदावतात, वेदनेचे संदेश जोर धरतात. पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी १९९० मध्ये ऐन झटक्यात रुग्णांच्या मानेतल्या शिरेचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात हे पेप्टाइड वाढलेलं होतं. अर्थात, चोरीच्या जागी सापडला म्हणून कोणी चोर ठरत नाही. पुढे कोपनहेगनच्या संशोधकांनी अर्धशिशीच्या रुग्णांना शिरेतून सीजीआरपी दिलं आणि अनेकांना काही तासांत झटका आला. तेव्हा संशय बळावला. २०१८ पासून त्याची वाट अडवणारी प्रतिपिंडं अमेरिकेत मिळू लागली. वारंवार झटके येणाऱ्यांनी ती साधारण महिन्याला एकदा टोचून घ्यायची. सगळ्यांना गुण येत नाही, आजारही मुळापासून जात नाही. तरी अनेकांचे झटके कमी होतात.

या यशामुळे दुसरा गैरसमज फोफावू नये: पेप्टाइड कमी-जास्त केलं की मनही दुरुस्त होतं, हा. ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचं हार्मोन’ म्हणणं मला तर जाहिरातबाजीच वाटते. स्वमग्न मुलांना त्याचा नाकातला फवारा देऊन झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सामाजिक वागण्यात खोट्या फवाऱ्यापेक्षा जास्त सुधारणा काही दिसली नाही. नैराश्यासाठी ‘सबस्टन्स पी’ हे पेप्टाइड रोखणारं ॲप्रेपिटंट हे औषधही मोठ्या चाचण्यांत नापास झालं. आज ते केमोथेरपीनंतरची उलटी थांबवायला वापरतात!

आणि तिसरा गैरसमज: वर्गात, कचेरीत पेंगणारा प्रत्येक जण आळशी. नार्कोलेप्सी या अनावर झोपेच्या आजाराच्या एका प्रकारात मेंदूच्या हायपोथॅलॅमसमधल्या ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. जागेपण टिकवून धरणारं हे पेप्टाइड. ते नसलं की माणूस विनोदावर खळखळून हसतो आणि हसता हसता त्याचे गुडघे लुळे पडतात, हातातला कप निसटतो. शुद्ध मात्र पूर्ण असते. बघणारे त्याला फिट म्हणतात, नाहीतर नाटक. उलट ज्यांना झोपच लागत नाही त्यांच्यासाठी ओरेक्सिनला अडवणारी गोळी, सुव्होरेक्संट, २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.