हल्ल्यातून वाचलेल्या परसातील कोंबडीची शुश्रूषा

प्रस्तावना

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ८५ कोटी १८ लाख कुक्कुटवर्गीय पक्षी होते. त्यांपैकी ३१ कोटी ७० लाखांहून अधिक परसात पाळलेले होते. झाबुआचा कडकनाथ असो, आंध्रातील असील असो की हैदराबादला विकसित झालेली वनराजा, हे पक्षी दिवसभर मोकळे फिरतात आणि संध्याकाळी खुराड्यात परततात. मोकळे फिरण्यातच त्यांचा धोका आहे. मुंगूस, मांजर, रानमांजर, भटका कुत्रा, कोल्हा यांपैकी कोणीतरी केव्हा ना केव्हा झडप घालतेच.

अशा वेळी बहुतेक घरांत दोनच मार्ग दिसतात. एक तर कोंबडी लगेच कापायची, नाहीतर जखमेत हळद भरून तिला नशिबावर सोडायचे. पहिला मार्ग घाईचा आणि दुसरा अपुरा आहे. कोंबडीची कातडी चांगली भरून येते. पाठीवरची मोठी जखमसुद्धा काही आठवड्यांत आखडत जाऊन बंद होते. पहिल्या काही तासांत आपण काय करतो आणि काय टाळतो, यावर मात्र बरेच अवलंबून असते. या पाठात आपण ते क्रमाने पाहू आणि प्रत्येक कृतीमागचे शरीरशास्त्रही समजून घेऊ.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. संध्याकाळची वेळ आहे. १.६ किलो वजनाच्या तुमच्या कोंबडीला कुत्र्याने पाठीवर पकडले आणि तुमच्या ओरडण्याने सोडून दिले. पिसे विखुरली आहेत आणि कोंबडी कुंपणाशी डोळे मिटून बसली आहे.

१. धरणे आणि उचलणे

कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड खाली-वर झाल्यावर वायुकोशांत हवा येते-जाते. म्हणून छाती घट्ट दाबून धरली, तर नाक-तोंड मोकळे असूनही ती गुदमरते. दोन्ही पंख अंगालगत ठेवून तिला जुन्या टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळा, डोक्यावर हलकेच कापड टाका आणि खालून आधार देऊन उचला. अंधार झाला की पक्षी शांत होतो.

त्याआधी स्वतःकडे पाहा. कुत्र्याला हाकलताना तुम्हाला चावा किंवा ओरखडा बसला असेल, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा. मुंगसाच्या चाव्यालाही हेच लागू आहे. कोंबडीच्या अंगावर हल्लेखोराची ओली लाळ असू शकते, म्हणून हातमोजे घाला. ते नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हातांवर चढवा.

२. रक्त थांबवणे

कोंबडीच्या शरीरात वजनाच्या साधारण ७ टक्के रक्त असते. आपल्या उदाहरणातील कोंबडीत ते ११० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे चहाच्या एका कपाएवढे भरेल. निरोगी पक्षी वजनाच्या १ टक्का, म्हणजे इथे सुमारे १६ मिलिलिटर, रक्तस्राव सहसा सोसतो. तीन चहाचे चमचे एवढे हे प्रमाण आहे. पिसांवर पसरलेले रक्त नेहमी जास्त वाटते, तेव्हा घाबरू नका. पण वेळही दवडू नका.

स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून सलग ५ मिनिटे दाबा. मध्येच उचलून पाहिले की नुकतीच धरलेली गुठळी सुटते. तुटलेल्या नखातून रक्त येत असेल, तर टोकावर मक्याचे पीठ दाबले तरी चालते. खोल जखमेत मात्र पीठ, हळद, राख किंवा कॉफी भरू नका. पूड आत घट्ट बसते, खालची घाण झाकली जाते आणि पुढे धुताना पुन्हा रक्त वाहते.

३. धक्का: ऊब, अंधार, शांतता

हल्ल्यानंतर पक्षी जखमेने मरतो, तसाच धक्क्यानेही मरतो. रक्ताभिसरण मंदावते, तुरा फिकट पडतो, पाय गार लागतात. कोंबडीचे नेहमीचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ते टिकवायला तिला सतत ऊर्जा लागते. रक्त बंद झाल्यावर लगेच सगळे धुवायला बसू नका. भोके पाडलेल्या खोक्यात कापड अंथरून तिला ठेवा. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडल्यास तिला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. चोच उघडून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे ही उकडल्याची खूण आहे. मे महिन्याच्या दुपारी बाटलीची गरजच नसते. सावली आणि वारा पुरेसा असतो.

तासाभराने पाणी पुढे ठेवा. चोचीचे टोक पाण्यात बुडवले, तर बहुतेक कोंबड्या स्वतः पितात. पाणी तोंडात कधीही ओतू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, आणि ओतलेले पाणी सरळ आत जाऊ शकते. माणसांसाठीचे ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळून पहिल्या दिवशी देता येते.

४. तपासणी

कोंबडी सावरली की उजेडात डोक्यापासून पायापर्यंत तपासा. पिसांखाली जखमा लपतात. एक जखम सापडली म्हणून थांबू नका, कारण सुळे जोडीने रुततात. पाठ, शेपटीचे मूळ, पंखांखालचा भाग आणि मांड्यांची आतली बाजू विशेष पाहा. पुढील खुणा दिसल्या, तर घरगुती उपचार पुरे पडणार नाहीत:

- कातडीखाली हवा भरून फुगवटा आला आहे आणि दाबल्यावर करकर जाणवते. वायुकोश फाटला असण्याची शक्यता आहे.
- गळ्याखालच्या अन्नपिशवीच्या जागेतून दाणे किंवा पाणी बाहेर येते.
- पंख लोंबतो आणि जखमेतून हाड दिसते.
- पोट फाटले आहे, किंवा दोन्ही पाय निर्जीव झाले आहेत.

यांतील तिसरी खूण विचार करण्यासारखी आहे. कोंबडीच्या दंडाचे हाड पोकळ असते आणि ते वायुकोशाला जोडलेले असते. ते उघडे पडले असताना त्यावर पाण्याची धार सोडली, तर पाणी थेट श्वसनसंस्थेत जाऊ शकते. इतरत्र योग्य असलेली कृती इथे जीवघेणी ठरते. अशी जखम फक्त स्वच्छ ओल्या कापडाने झाका, पंख नैसर्गिक घडीत ठेवा आणि दवाखान्यात न्या.

५. जखम धुणे

एक लिटर पाणी उकळून कोमट करा आणि त्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवा. सपाट दीड चहाचा चमचा एवढे मीठ साधारण पुरते. हे द्रावण शरीरातील द्रवांइतकेच खारट असल्याने पेशींना इजा करत नाही. सुई काढलेल्या सिरिंजने धार मारून माती, लाळ, पिसांचे तुकडे निघून जाईपर्यंत धुवा. कडेची पिसे उपटू नका. पातळ कातडी फाटते. ती कात्रीने कापा, पण मुळाशी निळसर रक्त भरलेली कोवळी पिसे सोडून द्या. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावा. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरू नका. ते जंतूंबरोबर नव्याने वाढणाऱ्या पेशीही मारतात.

सुळ्याचे भोक बाहेरून तांदळाएवढे दिसते, पण आत खोल असते. ते चिकटपट्टीने किंवा टाक्याने बंद केले, तर जंतू आत कोंडले जातात. भोक उघडेच राहू द्या.

६. जंतुसंसर्ग, औषधे आणि अंडी

मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला मल्टोसिडा हा जीवाणू सामान्यपणे आढळतो. कोंबड्यांचा कॉलरा याच जीवाणूमुळे होतो. म्हणून मांजराचा चावा लहान दिसला, तरी त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. अनेक राज्यांत १९६२ या क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक मिळते.

"पू दिसत नाही, म्हणजे जखम ठीक आहे" हा समज पक्ष्यांत चुकीचा ठरतो. त्यांच्या हेटेरोफिल या पांढऱ्या पेशींत ऊतक विरघळवणारी काही विकरे नसतात. त्यामुळे पू पातळ होऊन वाहत नाही; पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट गोळा होऊन आत बसतो. सूज, कडक गाठ, दुर्गंधी आणि हिरवट होणारी कातडी या खुणांवर लक्ष ठेवा.

प्रतिजैविक स्वतःच्या मनाने देऊ नका. भारतात अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनवर २०१९ पासून बंदी आहे. गिधाडांच्या मृत्यूंमुळे डायक्लोफिनॅक जनावरांत वापरण्यास २००६ मध्ये बंदी आली. घरातली वेदनाशामक गोळी कोंबडीला देण्याचा मोह म्हणूनच टाळायचा. पशुवैद्यकाने औषध दिले, तर अंडी आणि मांस किती दिवस खायचे नाही ते विचारून लिहून ठेवा. तेवढे दिवस ती अंडी टाकून द्यावी लागतात. चार अंडी विकून वही-पेन्सिल घेणाऱ्या घराला हे जड जाते, पण औषधाचा अंश त्याच घरातल्या मुलांच्या ताटात येऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे.

७. माशी: दुसरा हल्लेखोर

उष्ण आणि दमट हवेत माश्या उघड्या जखमेवर काही तासांत अंडी घालतात आणि साधारण दिवसभरात अळ्या बाहेर पडतात. कुत्र्यापासून वाचलेली कोंबडी अशा वेळी जखमेत किडे पडून मरते. खोके मच्छरदाणीच्या जाळीने झाका, अंथरूण रोज बदला आणि सकाळ-संध्याकाळ जखम पाहा. अळ्या दिसल्या, तर चिमट्याने एकेक काढून मिठाच्या पाण्याने धुवा. गुरांच्या जखमेत घालतात ते टर्पेंटाइन इथे वापरू नका.

८. एकांत, पण नजरेसमोर

लाल रंग दिसला की इतर कोंबड्या टोचतात. म्हणून जखम पूर्ण कोरडी होऊन कातडी येईपर्यंत तिला वेगळे ठेवा, पण जाळीपलीकडे कळप दिसेल असे. कळपातील टोचण्याची उतरंड नॉर्वेचे थोर्लीफ श्येल्डरूप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास प्रथम मांडली. बराच काळ दिसेनाशी झालेली कोंबडी परतली, की तिला आपली जागा पुन्हा भांडून मिळवावी लागते.

पिसे मुख्यतः केराटिन या प्रथिनाची असतात. म्हणून भिजवलेले पिल्लांचे खाद्य, उकडलेले अंडे कुस्करून आणि शिजवलेली डाळ द्या. मुळापासून निघालेले पीस लवकर उगवू लागते. कापलेले पीस मात्र पुढची पीसगळ होईपर्यंत तसेच राहते. या काळात अंडी थांबली, तर तो आजार समजू नका. शरीर आपली ऊर्जा दुरुस्तीकडे वळवत असते. रोज एकाच वेळी वजन करा. वजन उतरत असेल आणि विष्ठा गडद हिरवी, थोडीशीच असेल, तर ती पुरेसे खात नाही.

९. थांबण्याचा निर्णय

प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० चे कलम ३ पाळणाऱ्यावर प्राण्याचे कल्याण सांभाळण्याची आणि अनावश्यक वेदना टाळण्याची जबाबदारी टाकते. आतडी बाहेर आली असतील, कणा मोडला असेल किंवा श्वास सतत घुसमटत असेल, तर पशुवैद्यकाकडून वेदनारहित शेवट हीच शुश्रूषा ठरते. मृत पक्षी उघड्यावर टाकू नका. चुना घालून खोल पुरा, नाहीतर तोच कुत्रा चव लागून परत येईल. आणखी एक सावधगिरी बाळगा. आजारी कोंबडी शिकाऱ्याच्या हाती आधी लागते. कळपात इतर कोंबड्याही जखमेशिवाय मरत असतील, तर राणीखेत किंवा बर्ड फ्लूची शक्यता धरून लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

सारांश

आपल्या उदाहरणातील कोंबडीकडे परत येऊ. तिच्या बाबतीत क्रम असा राहील: सैल धरणे, दाबून रक्त थांबवणे, ऊब आणि अंधार, पाणी पुढे ठेवणे, तपासणी, मिठाच्या पाण्याने धुणे, पशुवैद्यक, माश्यांपासून बचाव, नजरेसमोरचा एकांत. त्याच आठवड्यात खुराड्याचीही दुरुस्ती करा. कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला किंवा कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. त्यासाठी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा आणि तिची कड सुमारे एक फूट जमिनीत पुरा.

स्वाध्याय

१. २ किलो वजनाची कोंबडी साधारण किती रक्तस्राव सोसू शकेल? चहाच्या चमच्यांत सांगा.

२. पाठीची जखम धारेने धुतो, पण दंडाच्या उघड्या हाडावर धार सोडत नाही. कारण लिहा.

३. तुमच्या परिसरातील एका घराचे खुराडे पाहा. शिकारी प्राणी कोठून शिरू शकेल, ते आकृतीसह दाखवा.