पडद्यावरील वर्ग आणि परिचारिकेचा हात

नागपुरांत १९२१ सालीं कमलाताई होस्पेट व वेणूताई नेने यांनीं मातृसेवासंघाची स्थापना केली, त्या काळीं कुलीन घरांतील स्त्रीनें परक्या बाळंतिणीची शुश्रूषा करावी, हें आमच्या समाजांतील पुष्कळांस रुचत नव्हतें. कमलाताईंना अल्पवयांतच वैधव्य आलेलें. परिचारिकेचें शिक्षण त्यांनीं घेतलें तें रोग्याच्या खाटेपाशीं उभें राहून. आतां तो जुना वाद बहुतेक घरांतून मिटला आहे. नवा प्रश्न निघाला आहे तो असा, कीं हेंच शिक्षण घरबसल्या मोबाइलच्या पडद्यावर कितपत साधतें?

मार्च २०२० मध्यें देशभर टाळेबंदी झाली व परिचारिका-महाविद्यालयांचे वर्गही ऑनलाइन भरूं लागले. आमची पुतणी त्या वर्षीं हाच अभ्यासक्रम शिकत होती. महालांतील आमच्या जुन्या घराच्या माजघरांत, खांबाला टेकून, ती दोन-दोन तास पडद्यापुढें बसे. शरीररचना, औषधांचे गुणधर्म, मात्रेचीं गणितें हे विषय तिला या रीतीनें उत्तम समजले, असें आम्हांस प्रांजळपणें म्हटलें पाहिजे. न कळलेला भाग पुनः पुनः ऐकण्याची सोय फळ्यापुढें कोठून मिळणार? सुई टोचण्याचा सराव मात्र तिनें संत्र्यावर केला. नागपुरांत संत्र्यांस तोटा नाहीं. पण संत्रें रडत नाहीं, कीं हात मागें ओढीत नाहीं.

वर्ग चालू असतां तिला चहा टाकावयास उठविणें, हा अपराध आमच्या घरीं अनेकदां घडला. मुलगा वैद्यकीचा अभ्यास करीत असता, तर त्यास कोणी अशी हाक मारली असती काय?

एके दिवशीं विषय होता प्रसूतीनंतरच्या शुश्रूषेचा. वार पडल्यावर गर्भाशय आकुंचन पावून घट्ट झाला पाहिजे. तो सैल राहिला तर रक्तस्राव थांबत नाहीं आणि थोड्याच अवधींत बाळंतिणीच्या प्राणांवर बेततें. म्हणून परिचारिकेनें पोटावर हात ठेवून तो वरचेवर चांचपावयाचा असतो. पुतणीनें हें सारें सुवाच्य अक्षरांत टिपून घेतलें. शेजारीं भाजी निवडीत बसलेल्या आमच्या मातोश्रींनीं विचारलें, "घट्ट म्हणजे किती गं?" मुलीस उत्तर देतां येईना. पडद्यावरच्या बाईंनाही तें शब्दांनीं सांगतां आलें नसतें.

पुढें रुग्णालयें विद्यार्थिनींना खुलीं झालीं, तेव्हां प्रसूतिकक्षांतील एका अनुभवी परिचारिकेनें आपला हात तिच्या हातावर ठेवून तें दाखविलें. अर्धें मिनिटही लागलें नाहीं. पुस्तकी भाग पडद्यावर खुशाल शिकवावा. गडचिरोलीकडे नोकरी संभाळून पुढें शिकणाऱ्या परिचारिकेला तर तो मोठाच आधार आहे. पण त्या नांवाखालीं खाटेपाशींचे तास कोणी कमी करूं म्हणेल, तर तें आम्हांस मान्य होणार नाहीं.

त्या संध्याकाळीं घरीं येतांच पुतणीनें आपली मूठ आवळली, आजीचा तळहात तिच्यावर ठेवला व म्हणाली, "एवढा घट्ट, आजी." मग मूठ हळूच सैल केली. मातोश्रींनीं चटकन् हात मागें घेतला.