वाय-फाय का लागत नाही?

ट्रान्झिस्टर बोलेनासा झाला की घरातली जाणती माणसे काय करत, आठवून पाहा. आधी बटण सुरू आहे का ते बघायचे. मग मागचे झाकण काढून सेल तपासायचे. मग काटा जागेवर आहे का ते पाहायचे. शेजारच्या घरातही नुसती खरखरच येत असेल, तर ‘स्टेशनच बंद दिसतंय’ म्हणून स्वस्थ बसायचे. पहिल्याच मिनिटाला पेटी उघडून तारा उपटायला कोणी बसत नसे. मंडळी, लॅपटॉपमधले वाय-फाय म्हणजेही एक रेडिओच आहे. फरक एवढाच की तो ऐकतो तसा बोलतोही. पण तो बंद पडला की आपले हे जुने शहाणपण कुठे जाते कोण जाणे!

हा विषय आज मुद्दाम घेतला, त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. पुढची आवृत्ती ज्यांवर चालत नाही असे कितीतरी धडधाकट लॅपटॉप त्यामुळे घराघरांत अडगळीत गेले. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली लिनक्स ही प्रणाली अशा यंत्रांवर छान चालते, आणि बहुतेक लिनक्स प्रणालींना पैसेही पडत नाहीत. असे जुने लॅपटॉप लिनक्स घालून विद्यार्थ्यांना द्यायचे काम मी गेली काही वर्षे करतो. दिलेला लॅपटॉप परत येतो तो बहुधा एकाच तक्रारीने, ‘सर, वाय-फाय लागत नाही.’ मग कोणीतरी सल्ला देतो, सगळे पुसून पुन्हा घाल. ते करूनही जमले नाही की यंत्र आधी माळ्यावर आणि मग भंगारात जाते. मूल पुन्हा मोबाइलच्या वीतभर पडद्यावर प्रकल्प लिहू लागते. खरे तर सगळे पुसण्याची गरज क्वचितच असते. गरज असते ती क्रमाने काही प्रश्न विचारण्याची.

पहिला प्रश्न : दोष लॅपटॉपमध्ये आहे की बाहेर? त्याच खोलीत, त्याच वाय-फायला मोबाइल जोडा आणि मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून एखादे पान उघडा. डेटा बंद करायला विसरू नका, नाहीतर फोन गुपचूप आपल्या सिमवरून नेट घेईल आणि आपली फसगत होईल. मोबाइललाही नेट मिळत नसेल, तर लॅपटॉप निर्दोष आहे. राउटर किंवा बाहेरून येणारी लाइन पाहा. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते.

दुसरा प्रश्न : रेडिओ सुरू आहे का? साधारण पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या अनेक लॅपटॉपना कडेला वाय-फायची छोटी सरकपट्टी असे. नंतरच्या यंत्रांत ते काम एफ-एन ही कळ आणि वरच्या ओळीतले अँटेनाचे किंवा विमानाचे चित्र असलेले बटण मिळून करते. बारावीतल्या एका मुलीच्या लॅपटॉपवर तिच्या भावाने तीन वेळा लिनक्स नव्याने घातले होते. माझ्याकडे आल्यावर पाहतो तर पुढच्या कडेला नखाएवढी पट्टी डावीकडे सरकलेली! ती उजवीकडे केली, काम झाले.

पट्टी सापडत नसेल तर लिनक्सलाच विचारता येते. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडून ‘आरएफ-किल’ हा शब्द इंग्रजीत सलग, लहान लिपीत लिहा, मोकळी जागा सोडून ‘लिस्ट’ लिहा आणि एंटर दाबा. उत्तरात ‘सॉफ्ट’ आणि ‘हार्ड’ अशा दोन ओळी दिसतील. ‘सॉफ्ट’पुढे ‘येस’ असेल, तर बंदी एखाद्या प्रोग्रॅमने घातली आहे. ‘लिस्ट’च्या जागी ‘अनब्लॉक वायफाय’ लिहिले की बहुधा उठते. ‘हार्ड’पुढे ‘येस’ असेल, तर बंदी खऱ्याखुऱ्या बटणाची आहे. ती बोटानेच उठवायची, कोणत्याही आज्ञेला ती जुमानत नाही.

तिसरा प्रश्न : लिनक्सला वाय-फायचे कार्ड दिसते आहे का? त्यासाठीची आज्ञा आहे एल-एस-पी-सी-आय, मग मोकळी जागा, वजा चिन्ह आणि एन-एन-के. बऱ्याच ओळी येतील. त्यांत ‘नेटवर्क कंट्रोलर’ अशी ओळ शोधा. तिच्या शेवटी चौकटी कंसात दोन आकडे असतात. पहिला उत्पादकाचा, दुसरा त्या कार्डाचा. हे आकडे कागदावर उतरवून घ्या. मोबाइलच्या डब्यावरच्या नावापेक्षा त्याचा क्रमांक पक्का असतो, तसेच इथेही आहे. गंमत म्हणजे इंटेलचा उत्पादक क्रमांक आहे ८०८६. तिच्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रोसेसरचेच ते नाव! अशी ओळच नसेल, तर कार्ड सैल झाले असेल, बायॉसमध्ये बंद असेल किंवा निकामी झाले असेल. यूएसबीत खोचायचे छोटे वाय-फाय उपकरण घेऊन यंत्र वाचवता येते. मात्र ज्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच आहे तेच घ्या.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : कार्ड दिसते, पण ते चालवणारे कोणी आहे का? इथे दोन गोष्टी लागतात. एक ड्रायव्हर, म्हणजे लिनक्स आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. दुसरे फर्मवेअर, म्हणजे त्या कार्डाने स्वतःच्या पोटात चालवायचा छोटा प्रोग्रॅम. बऱ्याच कार्डांत तो कायमचा भरलेला नसतो. यंत्र सुरू होताना ड्रायव्हर दर वेळी तो डिस्कवरून उचलून कार्डाच्या हाती देतो. ती फाइल जागेवर नसेल, तर दुभाषा हजर असूनही कार्ड मुकेच राहते.

ही फाइल मुळात नसते कशी, यामागे इतिहास आहे. लिनक्सचा ड्रायव्हर कोणीही वाचू शकतो, सुधारू शकतो. फर्मवेअर मात्र बहुधा कंपनीच्या मालकीचे आणि बंदिस्त. ब्रॉडकॉमच्या कार्डांचा तर एके काळी ड्रायव्हरही मिळत नसे. तेव्हा काही स्वयंसेवकांनी एक युक्ती केली. एका गटाने कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर तपासून कार्ड कसे वागते याचे टिपण काढले, आणि दुसऱ्या गटाने केवळ त्या टिपणावरून नवा ड्रायव्हर लिहिला. २००६ साली तो लिनक्सच्या २.६.१७ या आवृत्तीत आला. पुढे २०१० मध्ये कंपनीने आपल्या त्या वेळच्या नव्या कार्डांसाठी स्वतः खुला ड्रायव्हर दिला. फर्मवेअर तरीही बंदच राहिले. डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ प्रकल्पाने तर असे बंदिस्त फर्मवेअर आपल्या मुख्य सीडीतून वर्षानुवर्षे दूर ठेवले. २०२२ मध्ये तिथे यावर मतदान झाले, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते सोबत मिळू लागले. म्हणून जुन्या पेन ड्राइव्हवरची जुनी आवृत्ती घालण्यापेक्षा ताजी घेतली, तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

फर्मवेअर नाही हे ओळखायचे कसे? डी-एम-ई-एस-जी या आज्ञेने लिनक्सची रोजनिशी दिसते. अलीकडच्या बहुतेक आवृत्त्यांत तिच्या आधी ‘सुडो’ लिहून आपला पासवर्ड द्यावा लागतो. त्या ओळींत ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधा. त्याच्याजवळ ‘फेल्ड’ लिहिलेले असेल आणि वाय-फाय अजिबात जागे होत नसेल, तर चोर सापडला. हव्या असलेल्या फाइलचे नावही बहुधा तिथेच असते. आता ती फाइल आणायची, तर नेट हवे, आणि नेटच तर बंद आहे! इथे पुष्कळ जण हात टेकतात. उपाय मोबाइलच्या चार्जिंगच्या केबलमध्ये आहे. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेथरिंग’ सुरू करा. लिनक्सला तो तारेने जोडलेले नेटवर्क वाटतो आणि बहुतेक वेळा काही न करता नेट सुरू होते. केबल मात्र नुसती चार्जिंगची नको, डेटा नेणारी हवी. मग उबंटूमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ उघडले, की योग्य ड्रायव्हर असल्यास तो सुचवला जातो. एवढे करूनही बाहेरून घेतलेला ड्रायव्हर सुरू झाला नाही, तर बायॉसमधील ‘सिक्युअर बूट’ पाहा. ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर त्या पहाऱ्यामुळे अडतो.

पाचवा प्रश्न : शेजाऱ्यांची वाय-फाय दिसतात, आपलेच दिसत नाही किंवा जोडले जात नाही, असे आहे का? मग कार्ड ठीक आहे; काटा जुळत नाही एवढेच. वाय-फायचे दोन मुख्य पट्टे आहेत, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. भारतात २.४ चा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. अनेक जुनी कार्डे एवढा एकच पट्टा ओळखतात. राउटर केवळ ५ वर बोलत असेल, तर त्यांना तो ऐकूच येणार नाही. शिवाय २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १३ वाहिन्या चालतात, अमेरिकेत ११ वापरतात. अमेरिकी हिशेबाने तयार झालेले कार्ड १२ किंवा १३ वर बोलणाऱ्या राउटरकडे दुर्लक्ष करू शकते. राउटरमध्ये वाहिनी १, ६ किंवा ११ ठेवली की प्रश्न मिटतो. आणि पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नसेल, तर राउटरवर २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा एकटीच लावली आहे का ते पाहा. जुन्या कार्डासाठी तिच्यासोबत डब्ल्यूपीए-२ ही चालू ठेवावी लागते.

सहावा प्रश्न : जोडले गेले म्हणते, तरी पान का उघडत नाही? ‘पिंग’ या आज्ञेपुढे १.१.१.१ हा आकडा इंग्रजी अंकांत लिहून पाहा. उत्तरे येऊ लागली, तर नेट तुमच्यापर्यंत पोचले आहे. आता आकड्याच्या जागी एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहा. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस ही सेवा अडली आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या रकान्यात तोच १.१.१.१ भरून पाहा. आकड्यालाही उत्तर नसेल, तर ‘आयपी ए’ ही आज्ञा द्या. वाय-फायच्या नावाखाली पत्ताच नसेल किंवा तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. राउटर बंद करून पुन्हा सुरू करा. जुन्या यंत्रात आणखी एक गोष्ट पाहा, ती म्हणजे घड्याळ. आतला छोटा सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे ब्राउझरला अवैध वाटतात. पिंग चालते, पण पाने उघडत नाहीत. अनेक लॅपटॉपमध्ये हा सेल घड्याळाच्या दुकानात मिळणारा साधा, नाण्याएवढा असतो.

हे सगळे पाठ करायची गरज नाही. लक्षात ठेवायचे ते इतकेच, की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय घडले ते वहीत लिहा. कोणाची मदत मागाल तेव्हा नुसते ‘चालत नाही’ म्हणू नका. लॅपटॉपचे मॉडेल, कार्डाचे ते दोन आकडे आणि पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा सांगा. जाणकार माणसाला निदान करायला बहुधा तेवढे पुरते. अर्थ न कळता कोणी सांगितलेली ‘सुडो’ने सुरू होणारी आज्ञा मात्र देऊ नका, कारण तिला सगळ्या यंत्रावर अधिकार असतो.

आणि लिनक्स घालण्याआधीच एक करा. त्याच्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून ‘ट्राय’ हा पर्याय निवडा. डिस्कला धक्का न लावता लिनक्स चालू होते, आणि वाय-फाय लागते की नाही ते दहा मिनिटांत कळते. माळ्यावर एखादा लॅपटॉप पडून असेल, तर येत्या सुटीत तो खाली काढून एवढे पाहायला हरकत नाही.