तालमीतला फुटबॉल

कोल्हापूर म्हटले की आपल्याला कुस्ती आठवते, खासबागेचे मैदान आठवते. पण कधी हंगामात दुपारी शाहू स्टेडियमकडे फिरकून पाहा. पेठापेठांतून माणसे फुटबॉल पाहायला लोटलेली असतात. संघांची नावे तरी ऐका : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. कुस्तीच्या गावात तालमींनीच पोरांच्या पायांत बूट चढवले. प्रॅक्टिस क्लब आणि शिवाजी तरुण मंडळही त्याच तोडीचे. संघ पेठेचा, अभिमान पेठेचा, आणि हरल्यावर बोलणीही पेठेचीच! २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात आपल्या देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन या संघांची साखळी स्पर्धा भरवते. साखळीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. आपल्या गावच्या जत्रेत मात्र बाद पद्धत चालते. ८ संघ आले तर पहिल्याच फेरीत ४ घरी जातात आणि ७ सामन्यांत सारे आटोपते. तेच ८ संघ साखळीत खेळले तर २८ सामने होतात, आणि सर्वांत कच्च्या संघालाही ७ वेळा मैदान मिळते. पिकाला एकदाच मोकाट पाणी सोडणे आणि वेळेवर पाळ्या देणे, यांत जो फरक तोच हा. मोठ्या बक्षिसाच्या एक दिवसाच्या स्पर्धेने पोरे तयार होत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेठांची चुरस कधी कधी हाणामारीवर जाते, तेवढे मात्र तिथून उचलू नये.

शेजारची ६ गावे एकत्र आली तर १५ सामने होतात. दर रविवारी ३ धरले तर ५ आठवड्यांत साखळी पुरी. १०० मीटर लांब, ६५ मीटर रुंद मैदानाला दीड एकराहून थोडी जास्त जागा लागते. त्यासाठी पेरणीचे रान देऊ नका, पायांखाली जमीन दडपते; शाळेचे पटांगण किंवा पडीक जागा पाहा. गोलाचे खांब ७.३२ मीटर अंतरावर, आडवी काठी २.४४ मीटर उंचीवर. बांबूही चालतील. पंच तिसऱ्या गावचा घ्या. वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आधीच पाचही रविवारांचे लिहून टाका, म्हणजे पहिल्या दिवशी हरलेल्या पोरांना आपला पुढचा सामना कधी ते तिथेच दिसेल.