वाकलेल्या रेडिओ दीर्घिका आणि दीर्घिकासमूहांचा शोध

प्रस्तावना :
गुरुत्वाकर्षणाने बांधल्या गेलेल्या विश्वातील सर्वांत मोठ्या रचना म्हणजे दीर्घिकासमूह होत. एका समूहात शेकडो ते हजारो दीर्घिका असतात. असे समूह केव्हा व किती संख्येने निर्माण झाले, यावरून विश्वातील द्रव्याचे प्रमाण आणि रचनांच्या वाढीचा वेग पडताळता येतो. त्यासाठी दूरचे, म्हणजेच विश्वाच्या पूर्वकाळातील, समूह सापडणे आवश्यक असते. आणि नेमके तेच कठीण आहे. दृश्य प्रकाशात पुढच्या-मागच्या दीर्घिका एकाच दृष्टिरेषेत आल्याने समूहाचा आभास होतो. समूहातील तप्त वायू क्ष-किरण उत्सर्जित करतो. परंतु ताम्रसृती १ असताना विश्वप्रसरणामुळे त्याची पृष्ठदीप्ती १६ पटींनी घटते. अशा वेळी वाकलेल्या रेडिओ दीर्घिका हा एक पूरक मार्ग ठरतो.

आकार वाकण्याचे कारण :
काही दीर्घिकांच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराजवळून परस्परविरुद्ध दिशांना आयनद्रायूचे दोन झोत बाहेर पडतात. त्यांतील वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओ लहरी उत्सर्जित करतात. एरवी हे झोत साधारणतः सरळ रेषेत असतात. मात्र समूहातील दीर्घिकांदरम्यान कोट्यवधी केल्विन तापमानाचा विरळ वायू पसरलेला असतो. त्यातून दीर्घिका वेगाने जात असता, धावणाऱ्याच्या हातातील मशालीची ज्योत मागे वळावी, तसे हे झोत मागे वळतात. वायूचा हा दाब त्याची घनता व सापेक्ष वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. ययाति समूहातील एन.जी.सी. १२६५ ही दीर्घिका याचे प्रसिद्ध उदाहरण होय. समूहाच्या मध्यभागी असलेल्या दीर्घिकेचा वेग कमी असतो. तरीही दोन समूहांच्या टकरीत वायूच ढवळला गेल्यास तिचे झोत रुंद कोनात वाकतात.

शोधपद्धती :
वाकलेला आकार हा दाट वायूचा, पर्यायाने समूहाचा, संकेत मानता येतो. अमेरिकेतील 'व्हेरी लार्ज ॲरे' दुर्बिणीने १९९३ पासून केलेल्या 'फर्स्ट' सर्वेक्षणातून असे स्रोत निवडून त्यांच्याभोवती दीर्घिकांची गर्दी आहे काय, हे तपासण्यात आले. एलिझाबेथ ब्लँटन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याच पद्धतीने ०.९६ ताम्रसृतीचा समूह प्रसिद्ध केला. त्याचा प्रकाश साडेसातशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वी निघालेला आहे. पुढे 'कोब्रा' सर्वेक्षणात असे ६४६ स्रोत स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या अवरक्त निरीक्षणांद्वारे तपासले गेले.

मर्यादा :
वाकलेला स्रोत हा पुरावा नसून केवळ खूण आहे. लहान गटांतही झोत वाकतात. म्हणून वर्णपटाद्वारे सभोवतालच्या दीर्घिकांची ताम्रसृती मोजणे अनिवार्य ठरते. शिवाय प्रत्येक समूहात सक्रिय रेडिओ दीर्घिका नसते. त्यामुळे या पद्धतीने मिळणारी सूची समूहांची संपूर्ण गणना मानता येत नाही. मात्र क्ष-किरणांत सहज न दिसणारे कमी वस्तुमानाचे समूहही तिच्यातून हाती लागू शकतात.

निष्कर्ष :
जुने इलेक्ट्रॉन प्रथम उच्च वारंवारतेवर मंद होतात. साहजिकच कमी वारंवारतेवर शेपट्या अधिक लांबवर दिसतात. या दृष्टीने पुणे जिल्ह्यातील खोडद येथील, ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना असलेली जी.एम.आर.टी. दुर्बीण विशेष उपयुक्त आहे. रेडिओ, अवरक्त व क्ष-किरण निरीक्षणांचा मेळ घातल्यासच अशा खुणेचे विश्वसनीय ज्ञानात रूपांतर होते.